मिठाऐवजी घरची भुकटी

बीदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील दुबलगुंडी हे गाव ज्या पट्ट्यात वसले आहे, तो बीदर व कलबुर्गी या जिल्ह्यांचा सीमापट्टा भाषेच्या दृष्टीने मिश्र आहे. एकाच बाजारात मराठी, कन्नड, दखनी उर्दू आणि काही अंशी तेलुगू कानांवर पडते. ताटातील मुख्य अन्न मात्र सर्वांचे एकच, ते म्हणजे ज्वारीची भाकरी. या भाकरीचा एक विशेष सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बहुतेक घरांत ती मिठावाचून थापली जाते. पिठात मीठ नाही, उकळत्या पाण्यात मीठ नाही, आणि तरीही ती अळणी आहे अशी तक्रार कोणी करीत नाही. कारण भाकरीचे मीठ भाकरीबरोबरच्या पदार्थांत असते. आमटी, पिठले, शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी, लोणचे आणि तळलेली मिरची यांनी तिची चव पुरी करावयाची, अशी ही जुनी वाटणी आहे.

ही वाटणी लक्षात घेतली म्हणजे आहारातील मीठ कमी कसे करावे, या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती येते. पाव, बिस्किटे व बांधीव खाद्यपदार्थ यांवर ज्या समाजाचा आहार अवलंबून आहे, तेथे मीठ कारखान्यात पडते आणि गृहिणीच्या हाती फारसे काही उरत नाही. आपल्या खेड्यांत आजही मिठाचा मोठा भाग घरच्या डब्यातून, घरच्याच हाताने पडतो. तो हात आखडता घेण्याचे सामर्थ्य घरातच आहे आणि त्याची जागा भरून काढणारे पदार्थही त्याच स्वयंपाकघरात आहेत.

मीठ किती असावे, याविषयी मार्गदर्शन उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ अशी मर्यादा घालून दिली आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूत्रांतही ५ ग्रॅमचीच मर्यादा सांगितली आहे. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. प्रत्यक्षात, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार, जगातील माणूस सरासरीने दररोज सुमारे १०.८ ग्रॅम मीठ खातो आणि अतिरिक्त सोडियममुळे दरवर्षी सुमारे १८ लाख ९० हजार मृत्यू घडतात. मिठाच्या वजनापैकी सुमारे ४० टक्के भाग सोडियमचा असतो. शरीरास त्याची गरज आहेच. परंतु गरजेपेक्षा अधिक सोडियम रक्तात पाणी धरून ठेवते, रक्तवाहिन्यांवरील दाब वाढतो आणि पुढे हृदय, मेंदू व मूत्रपिंड यांवर त्याचा परिणाम होतो. खेड्यात ज्याला आपण लकवा मारला असे म्हणतो, त्यामागे पुष्कळदा वर्षानुवर्षे न तपासलेला रक्तदाब असतो. तो दुखत नाही, त्याने ताप येत नाही. चाळिशीतला कर्ता पुरुष एका सकाळी अंथरुणातून उठू शकत नाही, तेव्हाच घराला त्याची जाणीव होते. आणि त्या दिवसापासून त्याची मजुरी जाते, शिवाय त्याच्या शुश्रूषेसाठी घरातील दुसऱ्या माणसाचीही मजुरी बुडते.

घरातील मिठाचा हिशेब

आपल्या घरात मीठ अधिक जाते की बेताचे, हे पाहण्यास दवाखान्यात जाण्याची आवश्यकता नाही. पाच प्रौढ माणसांच्या कुटुंबास दररोज प्रत्येकी ५ ग्रॅमप्रमाणे २५ ग्रॅम, म्हणजे महिन्यास पाऊण किलो मीठ होते. यात लोणचे, पापड, बाहेरचा चिवडा हे सर्व आले. आता दुकानातून महिन्यास किलोच्या किती पिशव्या येतात, ते मोजावे. दोन पिशव्या येत असतील आणि त्यांतील काही जनावरांच्या अंबोणात किंवा वर्षाच्या लोणच्यात जात नसेल, तर माणशी दिवसाला १३ ग्रॅमहून अधिक मीठ जाते, असा याचा अर्थ होतो. ज्या घरात लहान मुले आहेत तेथे मोठ्यांच्या वाट्याला याहूनही अधिक येते. शिक्षक बंधूंनी सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित घरून करून आणण्यास सांगावे. गुणाकार-भागाकाराचा सराव होईल आणि हिशेब थेट स्वयंपाकघरात पोहोचेल.

हिशेब कळला तरी हात आवरणे सोपे नसते. आपल्या भाषेत अळणी हा शब्द नुसता चवीपुरता राहिलेला नाही. नीरस भाषणालाही आपण अळणी म्हणतो. शेजारच्या कन्नड बोलीत मिठाहून दुसरी चव नाही आणि आईहून दुसरा देव नाही, अशा अर्थाची म्हण आहे. लोणच्याला कन्नडमध्ये उप्पिनकाई म्हणतात, त्यातील उप्पु म्हणजे मीठच. पाहुण्याच्या पानात मीठ कमी पडले तर घरचा कमीपणा होतो, अशी भावना असलेल्या समाजात केवळ ‘मीठ कमी खा’ असा उपदेश करून काही साधत नाही. काढून घेतलेल्या चवीच्या जागी दुसरी चव द्यावी लागते.

जिभेला काय हवे असते

पदार्थ बेचव लागतो तेव्हा त्यात मीठच कमी आहे असे आपण धरून चालतो. वास्तविक जीभ अनेक गोष्टी एकदम शोधत असते. आंबटपणा वाढला की थोडेही मीठ अधिक जाणवते. म्हणूनच अळणी वाटणाऱ्या वरणात लिंबू पिळले की ते एकाएकी चवदार होते. तिखट, भाजल्याचा खरपूस वास, लसणीचा व कढीपत्त्याचा गंध आणि तीळ-शेंगदाण्यांतील तेलाचा मऊपणा हेही तेच काम करतात. दुसरी गोष्ट, शिजताना पदार्थाच्या पोटात मुरलेले मीठ जिभेला कमी कळते आणि शेवटी वरून घातलेले मीठ लगेच कळते. फोडणीबरोबर, डाळ शिजताना आणि शेवटी चाखून असे तीनदा मीठ घालण्याची सवय असेल, तर पहिली दोन वेळची मूठ वगळून शेवटी एकदाच मोजून घालावे. तेवढ्यानेही पुष्कळ बचत होते.

जीभ स्वतःही बदलते. मीठ हळूहळू कमी करीत गेल्यास दोन-तीन महिन्यांत जुने प्रमाण खारट वाटू लागते, असा अनुभव आहे. एकदम निम्मे करू नये. घरात तंटा होतो आणि आठवड्याभरात सर्व पूर्ववत होते. दर पंधरवड्यास दहावा हिस्सा कमी करावा आणि त्याच वेळी पुढे दिलेल्या भुकट्यांचे प्रमाण वाढवावे.

हरभऱ्याचा पाला

या भागातील मिठाचा सर्वांत चांगला पर्याय बाजारात मिळत नाही, तो रब्बीच्या रानात असतो. हरभऱ्याच्या पानांवरील बारीक लवेतून एक आम्लद्रव स्रवतो. त्यात मॅलिक आम्ल, म्हणजे सफरचंदात असते ते, आणि ऑक्झॅलिक आम्ल असते. पहाटेच्या दवात हा द्रव मिसळतो त्यालाच आपण आंब म्हणतो. सकाळी हरभऱ्याच्या रानातून अनवाणी चालणाऱ्याच्या पायांना जी चुरचुर लागते, ती याच आंबेची. पूर्वी रात्री पिकावर पातळ धोतर पसरून पहाटे ते पिळून घेत आणि तो रस बाटलीत भरून पोटाच्या तक्रारींसाठी ठेवीत. खेड्यातील स्त्रिया हरभऱ्याची भाजी धुवू नये म्हणतात, तेही याच कारणाने. धुतली की आंब जाते आणि भाजीची चव उतरते. कोवळ्या पाल्याची ही आंबट-खारट चव प्रामुख्याने मिठाची नसून आम्लांची असते.

पेरणीनंतर साधारणपणे ३० ते ४० दिवसांनी हरभऱ्याचे शेंडे खुडावेत, असे कृषी खातेही सांगते, कारण त्यामुळे झाडाला अधिक फांद्या फुटतात. खुडलेला पाला काही भाजीत जातो, काही बांधावर पडून वाया जातो. तोच पाला सावलीत, स्वच्छ कापडावर पातळ पसरून वाळवावा. तीन-चार दिवसांत हाताने चुरडण्याइतका कडक होतो. तो चोळून, देठ काढून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवल्यास पुढच्या हंगामापर्यंत उपयोगी पडतो. खानदेशात आणि मराठवाड्यात वाळवलेल्या हरभऱ्याच्या पाल्याची पातळ भाजी करण्याची रीत आहेच. आपण त्याच पाल्याची भुकटी करावयाची एवढेच.

या भुकटीत दोन वाट्यांस अर्धी वाटी भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, दोन चमचे भाजलेले जिरे, कोरड्या तव्यावर कुरकुरीत होईपर्यंत परतलेल्या आठ-दहा लसूण पाकळ्या आणि चवीप्रमाणे सुकी मिरची घालून कुटावे. मीठ घालू नये. आमटी उतरवताना माणशी अर्धा चमचा घालून ढवळले की नेहमीच्या निम्म्या मिठात ती पुरी लागते. पिठल्यात तर ही भुकटी विशेष शोभते, कारण पाला आणि बेसन दोन्ही एकाच झाडाचे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. घाटेअळीसाठी हल्ली हरभऱ्यावर औषधे फवारली जातात. फवारलेल्या रानातील पाला कोणत्याही कारणाने खुडू नये. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी ऑक्झॅलिक आम्लामुळे हा पाला बेतानेच घ्यावा; त्यांच्यासाठी चिंच, लिंबू किंवा आमचूर हे पर्याय बरे. आंबटपणासाठी अंबाडीही आहे. कन्नडमध्ये तिला पुंडी म्हणतात आणि कलबुर्गी भागात ज्वारीच्या भाकरीबरोबर तिची भाजी मोठ्या आवडीने खाल्ली जाते. ज्या दिवशी अंबाडी शिजते, त्या दिवशी मिठाचा हात आपोआप आखडता घेता येतो. मात्र अंबाडीतही ऑक्झॅलिक आम्ल असल्याने मुतखड्याच्या रोग्यास ती चालेल असे समजू नये.

जवस, कारळे, तीळ

कोरड्या चटण्या हा या पट्ट्याचा अभिमानाचा विषय आहे. परंतु मिठाची गळती याच मार्गाने होते, हेही मान्य केले पाहिजे. समजा, पाव किलो चटणीत चहाचे दोन चमचे, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम मीठ पडले आणि न्याहारीला भाकरीबरोबर २० ग्रॅम चटणी खाल्ली, तर केवळ चटणीतूनच जवळजवळ १ ग्रॅम मीठ पोटात गेले. दिवसाच्या मर्यादेचा पाचवा हिस्सा आमटीला हात लावण्यापूर्वीच संपला. शेतावर जाणाऱ्याची शिदोरी म्हणजे भाकरी, चटणी आणि कांदा. दुपारी पुन्हा तेच.

यासाठी पाव किलोचे एक प्रमाण येथे देत आहोत. जवस १०० ग्रॅम, कारळे ५० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, धने २० ग्रॅम, जिरे १० ग्रॅम, सुकी लाल मिरची १० ग्रॅम, आमचूर १० ग्रॅम आणि दोन मुठी कढीपत्ता. आमचूर वगळून प्रत्येक जिन्नस वेगवेगळा, मंद आचेवर भाजावा. जवस तडतडू लागला की उतरवावा. कारळे काळेच असल्याने करपलेले डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वासाकडे लक्ष ठेवावे. करपले की चटणी कडू होते आणि तो कडूपणा झाकण्यासाठी पुन्हा मीठ घातले जाते. सर्व पूर्ण गार झाल्यावर कुटावे आणि शेवटी आमचूर मिसळावे. प्रथम प्रथम यात अर्धा चमचा, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम मीठ घालावे. घरच्यांना सवय झाली की तेही गाळावे. जवसाचे कूट हवेने लवकर खवट होते, म्हणून पंधरा दिवसांपुरतेच करावे, आणि शेंगदाणे वापरावयाचे असल्यास बुरशी आलेला वा काळवंडलेला दाणा निवडून टाकून द्यावा. भाजून वाचणारी बुरशी नाही, असे समजू नये. तिचे विष आचेने जात नाही.

पान वाढताना वरच्या बाजूस मीठ, लिंबू व चटणी वाढण्याची आपली पद्धत आहे. त्या चिमटीभर मिठाच्या जागी ही भुकटी वाढावी. मीठ मागणाऱ्याला ते द्यावेच. ते आधीपासून पानात मात्र नसावे.

मराठवाड्यात व लगतच्या भागात धान्ये व डाळी भाजून, त्यांत मसाला घालून येसर करतात आणि आमटी दाट करण्यासाठी ते वापरतात. कित्येक घरांत येसरात मीठ घालत नाहीत. ज्या घरात येसर होतो, त्या घराला आमच्याकडून नवे काही शिकावयाचे नाही. मार्गशीर्षातील वेळ अमावास्येला, जिला कन्नडमध्ये एळ्ळ अमावास्या म्हणजे तिळांची अमावास्या म्हणतात, शेतात जी भज्जी आणि आंबील होते, तीही याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ताकात आंबवलेले ज्वारीचे पीठ, लसूण, जिरे, कोथिंबीर, आणि भज्जीत रानातले ओले दाणे व पालेभाज्या. आंबटपणा आणि ताजेपणा इतका असतो की मीठ निम्मे घातले तरी जेवणाऱ्याला कळू नये.

जेथे मीठ कमी करू नये

लोणच्यातील मीठ चवीपुरते नसते. ते लोणचे टिकवते. त्यात काटकसर केल्यास वर्षाची बरणी नासते आणि नासलेले लोणचे मिठाहून अधिक अपाय करते. म्हणून लोणचे जुन्या प्रमाणानेच घालावे आणि एका फोडीवर थांबावे. पापडाची गोष्ट वेगळी. पापडखार व खाण्याचा सोडा हेही सोडियमचेच क्षार आहेत. खाण्याच्या सोड्यात सुमारे २७ टक्के सोडियम असते. अजिनोमोटो या नावाने विकल्या जाणाऱ्या पांढऱ्या पुडीत सुमारे १२ टक्के असते. मीठ नको म्हणून ती घालणे म्हणजे पुढच्या दाराने घालवलेल्याला मागच्या दाराने घरात घेणे होय. बाजारच्या तयार मसाल्याच्या पाकिटावर घटकांच्या यादीत मीठ आरंभीच लिहिलेले असेल, तर तो मसाला म्हणजे बव्हंशी रंगीत मीठ समजावे.

सैंधव व पादेलोण हे औषधी असल्याने कितीही खाल्ले तरी चालतात, हा समज फार पसरला आहे. दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहेत. शिवाय उपवासासाठी आणलेल्या सैंधवात आयोडीन असेलच असे नाही. आपल्या देशात १९६२ पासून गलगंडाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम चालू आहे आणि २००६ पासून मानवी आहारासाठी आयोडीनविरहित साध्या मिठाच्या विक्रीस देशभर मनाई आहे. तेव्हा मीठ कमी करावे; पण जे उरेल ते आयोडीनयुक्तच असावे. खडे मीठ स्वस्त म्हणून किंवा जुन्या चवीसाठी वापरणाऱ्या घरांत गरोदर स्त्रिया व लहान मुले असल्यास याकडे विशेष लक्ष द्यावे.

सोडियमचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम घातलेले मीठही आता बाजारात मिळते. उत्तर चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर सुमारे पाच वर्षे याचा प्रयोग झाला. पूर्वी पक्षाघात झालेले, किंवा साठीपुढचे व रक्तदाब असलेले हे लोक होते. ७५ टक्के साधे मीठ व २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असे मिश्रण वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना, तसेच रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांना हे मीठ घातक ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नये. घरच्या चटणी-भुकटीत असे वेगळे रसायन नसते, ही तिची मोठी सोय आहे. तरीही मूत्रपिंडाच्या रोग्याने पाला, दाणे आणि तीळ किती घ्यावेत हेही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

भुकटी हे औषध नव्हे. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्याने मीठ कमी केले म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मोजला जातो. आशाताईंकडे दिवस विचारून जावे. शाळेत माध्यान्ह भोजन शिजते तेथे मुख्याध्यापकांनी मीठ मुठीने न घालता तराजूने मोजून घालण्याची पद्धत पाडावी. वर्षाच्या आतील बाळाच्या खाण्यात मीठ मुळीच घालू नये. त्या जिभेला अजून अळणी म्हणजे काय हे ठाऊक नसते.

उन्हात घाम गाळणाऱ्याला जास्त मीठ लागते, असा प्रश्न कोठेही हा विषय काढला की येतो. रोजच्या कष्टाच्या घामासाठी जेवणातील बेताचे मीठ, भरपूर पाणी व आंबील-ताक सर्वसाधारणपणे पुरेसे होते. उलट्या-जुलाब सुरू झाले तर मात्र मिठाचा हा सगळा हिशेब बाजूला ठेवावा आणि आरोग्य केंद्रातील जलसंजीवनीचे पाकीट, ते नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, याच प्रमाणात मिसळून रोग्यास द्यावे.